थर्माकोलच्या ठोकळ्यांचा भराव सरकतोय? आधी पाणी बघा, चिकटवण नंतर

पावसाळा सरला, केळीच्या गाड्या जोरात लागल्या की मला ठरावीक फोन येतात. जळगाव जिल्ह्यातून: सावदा, फैजपूर, रावेर, कधी चोपडा. मजकूर एकच: "भाऊ, रॅम्पचा वरचा सांधा पुन्हा उघडला. मागच्या साली सिमेंट भरलं होतं, आता बोट जातंय." कोल्ड स्टोरेजचे रॅम्प, गोदामाचे ओटे, जुन्या भिंतीला टेकवून केलेली भरती, अशा जागी मुरमाऐवजी ईपीएसचे म्हणजे आपल्या भाषेत थर्माकोलचे ठोकळे घालायची कामं मी बरीच केली. दुसऱ्यांनी केलेली दुरुस्त केली ती त्याहून जास्त. बिघाड जवळजवळ दर वेळी तोच निघतो, म्हणून एकदाचं लिहून काढतो.

आधी लक्षणं ओळखा

भराव खचला तर पायरी पडते. भराव सरकला तर फट पडते. एवढा एक फरक डोक्यात पक्का ठेवा, निम्मं काम झालं. रॅम्प ओट्याला भिडतो तिथे दोन्ही बाजू एकाच लेव्हलला आहेत, पण मधे एकसारखी रुंद फट आहे, तर ठोकळे किंवा वरचा स्लॅब आडवा गेलाय. रॅम्पच्या खालच्या टोकाला जाऊन बघा, तिथले पेव्हर ब्लॉक एकमेकांवर चढून तंबूसारखे उभे राहिले असतील. वर जेवढी जागा उघडली तेवढी खाली सापडलीच पाहिजे.

दुसरी खूण बाजूच्या भिंतीवर दिसते. जमिनीपासून अर्ध्या मीटरवर किंवा एक मीटरवर अगदी आडवी, रेघ मारल्यासारखी भेग. ठोकळे बहुधा अर्धा मीटर जाडीचे असतात, म्हणजे ती भेग थरांच्या सांध्यावर आली. तिसरी खूण आवाजाची: स्लॅबवर पहार उभी आपटली की काही जागी ठण्ण वाजतं, काही जागी डबडब. डबडब वाजतं तिथे स्लॅब आणि ठोकळा यांच्यात हवा आहे.

आणि भेग कधी वाढते ते मालकाला विचारा. पावसात वाढते आणि दिवाळीनंतर थांबते, तर पाण्याचा मामला. वर्षभर गाड्यांच्या वर्दळीबरोबर वाढते, तर एखादा सांधा निसरडा आहे. मेमध्ये उघडते आणि जुलैत मिटते, तर ठोकळ्यांना दोष देऊ नका, ती आपली काळी माती श्वास घेतेय. एकाच ठिकाणी ताटाएवढा खळगा पडलाय आणि डिझेलचा वास येतोय, तर तोही वेगळा रोग. डिझेल-पेट्रोलने थर्माकोल विरघळतं, तिथे ठोकळाच उरलेला नसतो.

मुळात सरकतंच का?

दोन मीटर लांब, एक मीटर रुंद, अर्धा मीटर जाड ठोकळा म्हणजे एक घनमीटर. वीस घनतेचा, म्हणजे घनमीटरला वीस किलोचा असेल तर त्याचं वजन वीस किलो. एक पोरगा खांद्यावर घेऊन शिडी चढतो. तेवढाच मुरूम भरला तर पावणेदोन-दोन टन. मऊ जमिनीवर भार पडू नये म्हणून तर हे ठोकळे वापरायचे. १९७२ साली नॉर्वेत ओस्लोजवळच्या एका पुलाचा पोहोच रस्ता असाच दलदलीत खचत होता, तेव्हा मातीच्या जागी हे ठोकळे घातले आणि तिथून ही पद्धत जगभर गेली. आपल्याकडे दलदल नसेल, पण काळी माती आहे आणि जुन्या दगडी भिंती आहेत. मुरमाचा रेटा त्यांना सोसत नाही.

पण घर्षण वजनावर चालतं. गाडीचा टायर मोकळ्या गाडीत जास्त घसरतो, तसंच. ठोकळ्यावर ठोकळा ठेवला तर कोरड्या, स्वच्छ सांध्याचं घर्षण साधारण ०.६ धरतात, म्हणजे वरच्या वजनाच्या साठ टक्के आडवा जोर तो सांधा झेलतो. आकडा वाईट नाही, मुरमाच्या जवळपासचाच. पण साठ टक्के कशाचे?

दीड मीटर उंचीचा, तीन थरांचा भराव धरा. त्यावर पाच इंची म्हणजे १२५ मिलिमीटर आरसीसी आणि वर २०० मिलिमीटर दाबलेला मुरूम. एका चौरस मीटरला हिशेब असा: ठोकळे तीस किलो, स्लॅब साधारण ३१० किलो, मुरूम ३८० किलो. एकूण ७२०. तळाच्या सांध्याची पकड झाली सुमारे ४३० किलो. यात ठोकळ्यांचा वाटा किती, तर अठरा किलो! बाकी सगळी पकड वरच्या थराने दिलेली आहे. हा हिशेब मी प्रत्येक मालकाला भिंतीवर खडूने मांडून दाखवतो, कारण पुढचं सगळं यातूनच येतं.

तपासणी १: पाणी. खर्च शून्य.

आता त्याच भरावात तळाशी अर्धा मीटर पाणी साचलं असं समजा. थर्माकोल पाण्यात तरंगतं, हे गणपतीच्या मखराचा तुकडा बादलीत टाकलेल्या पोरालाही माहीत असतं. अर्धा मीटर पाणी दर चौरस मीटरला ५०० किलो वर उचलतं. ७२० मधले ५०० गेले, उरले २२०. पकड ४३० वरून १३० वर आली. पाणी पाऊण मीटर झालं तर ७५० किलो उचल, म्हणजे वजन संपलं. भराव तरंगायला लागला.

म्हणून मी जागेवर गेलो की आधी खाली वाकतो. भिंतीतले पाणी निघायचे पाइप उघडे आहेत का? बहुतेक वेळा त्यात माती, गुटख्याच्या पुड्या, एकदा तर चिमणीचं घरटं. पाइपात बारीक सळई घाला, हातभर सहज आत गेली पाहिजे. मग ओट्यावरचं पाणी कुठे जातं ते बघा. केळी धुण्याचं पाणी, एसीचं पाणी, छपराच्या पन्हाळीचं पाणी, सगळं रॅम्पच्या सांध्यातच उतरत असेल तर पावसाची वाट बघायलाही नको. शेजारी पाटचारी असेल तर पाटाला पाणी सुटल्यावर चौथ्या दिवशी पुन्हा जा.

पाइप मोकळे करा, पन्हाळ वळवा, वरचा सांधा डांबरी मास्टिकने बंद करा. सिमेंटने नको, सिमेंट पहिल्याच हलण्याला तडकतं आणि पाणी पुन्हा आत. माझ्या अनुभवात निम्म्याहून जास्त रॅम्प इथेच थांबले.

एक इशारा इथेच देतो, कारण नंतर विसरेन. आत पाणी असताना वरचा स्लॅब फोडू नका, मुरूम उचलू नका. ते वजन काढलं की खालचे ठोकळे उसळून वर येतात. आधी पाणी काढा, दोन-तीन आठवडे सुकू द्या, मग पहार उचला.

तपासणी २: हलतंय की हलून थांबलंय?

फटीच्या दोन्ही बाजूंना खिळ्याने बारीक खुणा करा, मधलं अंतर मोजा, बाजूला तारीख लिहा. भिंतीच्या भेगेवर प्लास्टर ऑफ पॅरिसने काचेची पट्टी चिकटवा. पट्टी तडकली तर भिंत अजून चालते आहे. भिंतीच्या माथ्यावरून ओळंबा सोडा आणि तळाशी किती सुटतो ते त्याच भिंतीवर लिहून ठेवा. वहीत लिहिलं तर वही हरवते, भिंत हरवत नाही.

महिनाभर थांबायला मालक तयार नसतो. "भाऊ, सीझन आहे, आजच करून टाका." पण जे आधीच थांबलंय त्यावर लाख रुपये घालण्यापेक्षा खडूचा तुकडा स्वस्त. फट महिन्यात एक मिलिमीटरही वाढली नाही तर सांधा बंद करून घरी जा.

तपासणी ३: वरचं वजन कोणी काढलं का?

हे विचारायला लोक विसरतात. सावद्याजवळच्या एका ठिकाणी रॅम्प सहा वर्षं जागचा हलला नव्हता, सातव्या वर्षी निघाला. मालक अण्णा शपथेवर सांगत होते की काहीच बदललं नाही. बोलता बोलता त्यांचा मुनीम म्हणाला, "अण्णा, गाड्यांचं बूड टेकत होतं म्हणून आपण वरचा मुरूम खरवडला ना मार्चमध्ये." आठ इंचांचा मुरूम गेला, म्हणजे चौरस मीटरला ३८० किलो गेले. ७२० चे ३४० झाले. त्या वर्षी तळाशी गुडघ्याच्या खालीच पाणी साचलं होतं, पण तेवढं पुरलं.

उलटही होतं. सरकतंय म्हणून घाबरून वर आणखी फूटभर मुरूम टाकतात. पकड वाढते हे खरं, पण खालची काळी माती किंवा जुनी भिंत तेवढं सोसणार नव्हती म्हणूनच तर ठोकळे घातले होते. गेलेलं वजन परत द्या, त्याहून जास्त टाकायचं असेल तर हिशेब करणाऱ्याला विचारा.

तपासणी ४: ठोकळा खरंच तेवढ्या घनतेचा आहे का?

भरावाच्या कडेला, जिथे गाडी जात नाही, तिथे दोन फूट बाय दोन फुटाचा खड्डा उघडा. ठोकळ्यातून दहा सेंटिमीटरचा घन कापा, दोन दिवस सावलीत वाळवा आणि वजन करा. ग्रॅममध्ये जो आकडा येईल तीच घनमीटरला किलोमधली घनता. वीस ग्रॅम आले तर वीस. किराणा दुकानाच्या काट्याला हे पेलत नाही, जळगावात सोनाराचा काटा मिळायला काय तोटा! माझ्या ओळखीचे एक सराफ दर वेळी विचारतात, "आज किती कॅरेटचं थर्माकोल आणलं?"

बिल वीसचं आणि माल चौदाचा, असं मी दोनदा पाहिलंय. हलका ठोकळा चाकाखाली दबत जातो, स्लॅब वाकतो, स्लॅब आणि ठोकळ्यात पोकळी होते आणि पोकळीत घर्षण नसतं. तो डबडब आवाज तिथून येतो. पॅकिंगचा, फ्रिजच्या खोक्यातला माल तर भरावात येताच कामा नये, तो पेटतोही लगेच.

तपासणी ५: सांध्यात काय आहे?

त्याच खड्ड्यात ठोकळ्याच्या माथ्यावरून हात फिरवा. हाताला पिवळसर पावडर लागली तर समजा की ठोकळे रचण्याआधी उन्हात पडून होते. आपल्याकडचा एप्रिल-मे म्हणजे पंचेचाळीस अंश, त्या उन्हात उघड्यावर पडलेल्या थर्माकोलची वरची कातडी हळूहळू पावडर होते. ती पावडर दोन ठोकळ्यांमधे कॅरमच्या बोरिक पावडरचं काम करते. रचताना कडक झाडूने झाडली असती तर संपलं असतं. काम सोपं, पण उन्हात कोणाला सुचतं?

याहून मोठा चोर म्हणजे प्लास्टिक. डिझेलपासून बचाव म्हणून ठोकळ्यांवर शीट अंथरतात, ते बरोबरच आहे. पण शीट नितळ असेल तर त्यावरचं घर्षण ठोकळा-ठोकळ्याच्या निम्म्याहून खाली जातं. त्यात रॅम्पला उतार. आणि एक गंमत बघा: गाडी रिव्हर्स घेत वर चढते तेव्हा तिची चाकं स्लॅबला खाली ढकलतात. उतरताना ब्रेक मारला तरी ढकल खालीच. स्लॅबला वर ढकलणारं कोणी नाही. रोज वीस-पंचवीस गाड्या, रोज थोडं थोडं. अशा रॅम्पवर ठोकळे जागच्या जागी असतात आणि एकटा स्लॅब शीटवरून चादरीसारखा खाली आलेला असतो.

शंका असेल तर एक घरगुती परीक्षा आहे. एक मीटर लांब फळीवर ठोकळ्याचा तुकडा पक्का बांधा, त्यावर दुसरा चपटा तुकडा ठेवा, वर एक वीट बांधा. फळीचं एक टोक हळूहळू उचला. टोक ५० सेंटिमीटरपर्यंत उचललं, म्हणजे तीस अंश झाले, तोवर वरचा तुकडा घसरला नाही तर सांधा ठीक आहे. आता मधे त्या रॅम्पवरच्या शीटचा तुकडा घाला आणि पुन्हा करा. वीतभर उचलताच वीट खाली आली की मालकाला वेगळं समजावून सांगावं लागत नाही. ही तुलना आहे, प्रयोगशाळेची चाचणी नव्हे, पण दहा मिनिटांत होते.

उपाय: नितळ शीट काढून दोन्ही अंगांनी खरखरीत असलेली शीट टाका. डिझेलचा धोका नसेल तर काँक्रीट थेट ठोकळ्यावर ओता, त्याची पकड सगळ्यांत चांगली. आणि रॅम्पच्या पायथ्याशी जमिनीत उतरलेला आरसीसी बीम घालून स्लॅबची सळई त्यात बांधा. या टाचेच्या बीमवर कंजूषी करू नका. शीट बदलायला सगळा स्लॅब काढावा लागतो, टाच मात्र गाड्या चालू असताना अर्धा-अर्धा रॅम्प बंद ठेवून घालता येते, म्हणून मी आधी तीच सुचवतो.

तपासणी ६: रचना

ठोकळे विटांसारखे रचायचे असतात: उभे सांधे एकावर एक येऊ नयेत, एक थर लांबीने तर पुढचा आडवा. हे बहुतेक मिस्तरी बरोबर करतात. चुकतं ते आडव्या सांध्यात. तीन थर म्हणजे मधे दोन सपाट पातळ्या, या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड. पत्त्यांचा कॅट सरकतो तशा त्या सरकू शकतात. त्यावर तोड म्हणजे शिअर की: मधे मधे एक रांग अर्ध्या जाडीच्या ठोकळ्यांची घेऊन पुढची रांग पूर्ण जाडीची टाकायची, म्हणजे पातळी तुटते. मग सरकायचं असेल तर ठोकळा मधून कापला जावा लागतो, आणि थर्माकोलचं अंगचं बळ त्या घर्षणाच्या कितीतरी पट असतं. तापीकाठच्या या पट्ट्याला भूकंपाचा धोका धरावा लागतो, म्हणून उंच भरावात मी शिअर कीशिवाय काम घेत नाही.

चिकटवण आणि दातेरी चकत्यांबद्दल सगळे आधी विचारतात, म्हणून मुद्दाम शेवटी सांगतो. गॅल्व्हनाइज्ड पत्र्याच्या दोन्ही बाजूंना दात असलेल्या चकत्या रचताना उपयोगी पडतात. वैशाखातल्या वादळात आमचा एक मोकळा ठोकळा शेजारच्या केळीच्या बागेत जाऊन पडला होता, तेव्हापासून मी त्या वापरतोच. पण भराव सरकायला लागल्यावर त्यांच्या जिवावर थांबेल ही आशा सोडा. चिकटवणीचंही तेच, शिवाय सनमायकाचा रबरी गोंद लावला तर तो थर्माकोलच खातो. पॉलियुरेथेनचा चालतो. वरून बारा मिलिमीटरची सळई ठोकून थर शिवायचा प्रकारही पाहिला आहे. जोर आला की सळई थर्माकोलमधून लोण्यातल्या सुरीसारखी चालत जाते.

तपासणी ७: मागून कोण ढकलतंय?

इथवर सगळं ठीक निघालं आणि तरी खुणा पुढे सरकताहेत, तर ठोकळ्यांच्या मागे जे आहे ते बघा. काळ्या मातीत उभा काप घेऊन त्याला थेट ठोकळे टेकवले असतील, तर पावसात ती माती फुगून आडवी ढकलते आणि समोर चौरस मीटरला फक्त ४३० किलोची पकड असलेला हलका गठ्ठा आहे. मुरमाच्या भरावाने जो रेटा निमूटपणे पचवला असता तो याला पचत नाही. ठोकळ्यांचा भराव स्वतःच्या उताराने उभ्या राहणाऱ्या मातीला टेकवायचा असतो, मातीला धरून ठेवायला नाही. मागची माती उतार देऊन कापणं, मधे मुरमाचा आणि पाणी निघायचा थर देणं, हा उपाय. तो पावसाळ्यापूर्वीच करायचा आणि तो माझ्यासारख्याने एकट्याने करायचा नाही.

इथे हात थांबवा

भिंतीच्या भेगेवरची काच तडकली आणि ओळंबाही सुटतोय, तर गाड्या त्याच दिवशी बंद करा आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा. भराव दोन मीटरहून उंच असेल, पायथ्याशी कोणाचं घर किंवा येण्याजाण्याची वाट असेल, रस्ता सार्वजनिक असेल किंवा पुलाची पोहोच असेल, तर खुणा करण्यापलीकडे काही करू नका. नाल्याचं किंवा नदीचं पाणी पुरात तिथवर चढत असेल तरीही तसंच, कारण तरंगण्याचा हिशेब पूररेषेवरून करावा लागतो, डोळ्यांच्या अंदाजाने नाही. मागच्या काळ्या मातीचा प्रश्न निघाला तर जिओटेक्निकल सल्लागार लागतो. मातीच्या फुगवट्याची चाचणी आणि सांध्याची शिअर म्हणजे आडव्या घसरण्याची चाचणी मृदा प्रयोगशाळेतच होते. तिथे जाताना ठोकळ्याचे, शीटचे तुकडे आणि भिंतीवरच्या तारखांचे फोटो बरोबर न्या, त्यांचा निम्मा वेळ वाचतो.

आणि उघड्या ठोकळ्यांजवळ वेल्डिंग किंवा गॅस कटर चालवू देऊ नका. रेलिंग नंतर लागतं, आधी ठोकळे झाका.

अण्णांच्या रॅम्पला आम्ही पाइप मोकळे केले, मुरूम परत टाकला, पायथ्याशी टाच घातली. गाड्यांचं बूड टेकू नये म्हणून वरच्या कडेचा कोन थोडा मोडून घेतला, मुळात तेवढंच करायला हवं होतं. भिंतीवर खडूने लिहिलेल्या तारखा तीन झाल्यात, अंतर तिन्ही वेळा तेच. मुनीम आता दर पोळ्याला स्वतःच मोजून मला फोटो पाठवतो.